मामाचं पातळ आणि दोन सरकारं

माझ्या एकुलत्या एका बहिणीच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं आणि मी तिचा एकुलता एक मामा होतो. मामा असणं ही साधीसुधी गोष्ट आहे असं ज्यांना वाटत असेल, त्यांना बहुधा भाची नसावी. आमच्याकडं नवरी बोहल्यावर उभी राहते ती मामाच्या पातळात. बापानं अंगभर सोनं घालू दे, सासऱ्यानं रेशमाची रास ओतू दे, अक्षता पडताना अंगावर मामाचंच पिवळं पातळ लागतं. तेही दुकानातून रंगवून आणलेलं चालत नाही. पांढरंशुभ्र पातळ घ्यायचं आणि मामाच्या हळदीत, मामाच्या अंगणात रंगवायचं. त्या पातळात नवरी उभी राहिली, की मंडपातल्या शेवटच्या माणसाला कळतं की हिच्या आईला माहेर आहे.

माझी बहीण शालू पैनगंगेच्या पल्याड, वऱ्हाडात दिलेली. मी अल्याड साखऱ्याला शाळामास्तर. नदी तीच, पण अल्याड निजाम सरकार आणि पल्याड इंग्रज सरकार. शालूच्या सासूला या गोष्टीचा फार अभिमान होता. बाई स्वतः वाशीमच्या पुढं कधी गेल्या नव्हत्या, पण बोलायच्या अशा की लंडनच्या दरबारात रोज यांच्याच घरून दळण जातं. माझी बहीण त्या घरात आली त्या दिवसापासून ‘मोगलाईतली’, म्हणजे निजामाच्या मुलखातली, होती. भाजीत मीठ जास्त झालं तर मोगलाई, दूध उतू गेलं तर मोगलाई. आणि आता नातीच्या लग्नात त्यांनी आधीच अकोल्याहून गिरणीचं एक चकचकीत पातळ आणवून ठेवलं होतं. का? तर म्हणे, “मोगलाईतल्या मामाचा काय भरवसा? आला तर आला.” हा निरोप मला मिळाला आणि माझ्या पगडीखाली जाळ झाला.

मी हट्टा गावातल्या एका ओळखीच्या घरून हळद आणवली. रंगावरून सांगतो, तशी हळद पल्याड जन्मात पिकायची नाही. माझी बायको मंजुळाबाई हिचे दिवस भरत आले होते, त्यामुळं तिला लग्नाला येता येणार नव्हतं. पण खाटेवर बसून तिनं माझ्याकडून पातळ असं रंगवून घेतलं, की शाळेत मीही मुलांकडून इतकी मेहनत करून घेत नाही. पातळ वाळत घातलं तेव्हा गल्लीतली माणसं थांबून बघत होती. मी ओसरीवर उगाचच येरझाऱ्या घालत होतो, म्हणजे ते कोणाचं आहे हे कोणाला विचारावं लागू नये.

त्याच वैशाखात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली. साथ दोन्ही काठांवर सारखीच होती. पल्याडचं सरकार म्हणत होतं की रोग मोगलाईतून येतो, आणि अल्याडचं सरकार म्हणत होतं की रोग वऱ्हाडातून येतो. दोघांनी आपापल्या काठावर तंबू ठोकले आणि एकमेकांच्या माणसांपासून आपली माणसं वाचवायला सुरुवात केली.

मी नदी ओलांडणार हे कळल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. शेजारचे उत्तमराव म्हणजे गावातले मोठे कास्तकार. कुठल्याही विषयात त्यांना आपलं मत शोधावं लागत नाही, ते ओठावरच असतं. ते म्हणाले, “मास्तर, खिशात कांदा ठेवा. पटकी कांद्याच्या वाटंला जात न्हाई. आन पल्याडचं पाणी पिऊ नका. पाण्यात लाल औषध टाकून राहिलेत ते. माणूस आतून लाल होतो.” समोरच्या जिवनबाईंनी हिंग आणि कापराची पुरचुंडी गळ्यात बांधली. मंजुळाबाईनं कडुलिंबाचा पाला पगडीत खोचला. मी शाळेत आरोग्याचा धडा शिकवतो. पाणी उकळून प्या, हात धुवा, माशा बसू देऊ नका. पण बायको, शेजारीण आणि उत्तमराव यांच्यापुढं धडा चालत नाही. सगळं अंगावर लेवून निघालो तेव्हा मला माझाच वास असा येत होता, की फोडणीला टाकायचं तेवढं बाकी होतं.

तांड्यावरच्या देवलानं गाडीतून नदीपर्यंत सोडलं. उतरताना तो म्हणाला, “मास्तर, पल्याड सुई मारतेत. सुईला भिऊ नका, पण मारणाऱ्याच्या तोंडाकडं बघू नका.” आमच्या नाक्यावरच्या मुन्शीजींनी मला हातानंच ‘जा’ म्हणून सांगितलं. जाणाऱ्या माणसाशी त्यांचं काही काम नव्हतं. नदीत पाणी घोट्याएवढं. पातळाचं गाठोडं डोक्यावर धरून मी पार झालो.

पल्याडच्या तंबूत किसनसिंग जमादार बसले होते. खाकी कोट, मोठ्या मिशा आणि समोर चुन्याच्या पाण्यानं भरलेलं एक भलंमोठं पिंप. आधी त्यांनी माझ्या डाव्या दंडात सुई मारली. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि देवलाचं म्हणणं खरं होतं. मग त्यांनी गाठोड्याकडं बोट केलं.

“काय हाय त्याच्यात?”

“भाचीच्या लग्नाचं पातळ. मामाचं.”

“बुडवा.”

“अहो जमादार, नवरीचं पातळ आहे ते! हळदीचं!”

“म्हणूनच बुडवा. नवरीले पटकी झाली तर मंग?”

मी ताठ झालो. म्हटलं, “मी शाळामास्तर आहे. स्वच्छता काय असते ते मला ठाऊक आहे. आमच्या घरात पाणी गाळून, उकळून...”

“मास्तर असा का कलेक्टर असा,” जमादार म्हणाले, “मोगलाईतून आलेलं कापड चुन्यात गेल्याबिगर इंग्रजाच्या राज्यात जात नाही. आमी हुकूम पाळून राहिलो.”

आणि बुडवलं. काठीनं दाबून बुडवलं.

हळदीला चुना लागला की काय होतं हे माझ्या शाळेतल्या अगदी लहान पोराला विचारा, ते सांगेल. देवघरातलं कुंकू काय आकाशातून पडतं? मलाही ते ठाऊक होतं. पण माणसाचा अपमान होत असताना त्याला पोरासोरांना ठाऊक असलेल्या गोष्टी आठवत नाहीत. पिंपातून पातळ वर आलं ते तांबडं होऊन. तेही धड तांबडं नाही, कुठं गर्द, कुठं फिकं, मध्येच डाग.  जमादार तर चकित होऊन उभेच राहिले.

“अबब! पायलं का मास्तर, किती जंतू होते ते? मेले सगळे! अशे लालभडक जंतू म्या उभ्या साथीत नाही पायले!”

त्यांनी तंबूतल्या दुसऱ्या शिपायाला बोलावून माझे जंतू दाखवले. मोगलाईचं नाव त्या तंबूत कायमचं गेलं.

ते ओलं, डागाळलेलं पातळ घेऊन मी बहिणीच्या दारात उभा राहिलो. लग्न दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर होतं. मंडप पाहुण्यांनी भरला होता. शालूच्या सासूबाई पुढं आल्या, दोन बोटांत पातळाचं टोक धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “काहून मास्तर, तुमच्या मोगलाईत याले पिवळं म्हणतेत काय?” बायका पदराआड हसल्या. मग त्या नरमाईनं म्हणाल्या, आणि ती नरमाई जास्त झोंबली, “राहू द्या. आमचं अकोल्याचं आहे. तेच घालू. मामानं आणलं असं लोकाईले सांगू.”

शालूनं पातळ माझ्या हातून घेतलं. मागच्या दारी नेऊन धुतलं, पुन्हा धुतलं. तांबडेपणा जाईना. भाची आशा दाराच्या आडून बघत होती. शालू हात पुसत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “दादा, तू आलास ना. बास झालं मला.” ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हसली. इतकी वर्षं त्या घरात ती असंच हसत आली असणार, हे मला तेव्हा कळलं.

माझा दंड टरारून सुजला होता, अंगात कणकण होती. पण मी उठून उभा राहिलो आणि भर मंडपात म्हणालो, “उद्या गोरजाच्या आत पिवळं पातळ येईल. माझ्याच हळदीचं येईल. न्हाई आलं, तर मी मामा म्हणून अक्षता टाकणार न्हाई.” बोलून गेलो खरा. नंतर लक्षात आलं, की साखऱ्याला जाऊन, पुन्हा रंगवून, वाळवून परत यायचं म्हणजे देवलाच्या बैलांना पंख फुटायला हवेत.

सकाळी दिसायला लागताच पातळाचं गाठोडं घेऊन नदी ओलांडली. आमच्या काठावर मुन्शीजींनी मला हात आडवा केला. काल याच माणसानं मला हातानं ‘जा’ म्हटलं होतं.

“ठैरो मास्टरसाब. उदर से आया सामान ऐसा नै जाता. सिरका लगाना पडता.”

“मुन्शीजी, मी साखऱ्याचाच! कालच तुमच्यासमोरून गेलो!”

“गये सो अलग, आये सो अलग. अंग्रेज के मुलुक में बीमारी है. हकीमसाब का हुकुम है, हर कपडा सिरके में.”

त्यांच्यामागं लोणच्यात घालतात त्या आंबट सिरक्यानं भरलेला एक रांजण होता. वास नाकात गेला आणि माझी भूक मेली. मला भांडायचं त्राण नव्हतं. कालपासून माझी डावी बाजू पल्याडच्या सरकारची झाली होती आणि अपमान कोणत्या सरकारचा होता हे ठरवणं मी सोडलं होतं. म्हटलं, “घ्या. काल त्यांनी बुडवलं, आज तुमी बुडवा. नाहीतरी वायाच गेलंय.”

मुन्शीजींनी पातळ रांजणात घातलं. हलवलं. वर काढलं.

पातळ पिवळं होतं.

मला वाटलं ताप चढला. डोळे चोळले. डाग नाही, तांबडं नाही, कुठं चट्टा नाही. मंजुळाबाईनं रंगवून घेतलं होतं तसंच, उलट थोडं उजळच. चुन्यानं हळदीचं जे केलं होतं, ते सिरक्यानं उतरवून टाकलं होतं. मुन्शीजी छाती काढून म्हणाले, “देखे? अंग्रेजां की बीमारी कैसी उतर गयी! हमारा सिरका है मास्टरसाब, हमारा!” मी त्यांना मिठी मारली. एका हातानंच मारली, कारण दुसरा वर जात नव्हता. निजामाच्या राज्यात मी जन्मलो याचा मला इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता. त्या राज्याबद्दल माझ्या मनात इतर पुष्कळ गोष्टी होत्या, पण त्या क्षणी नव्हत्या.

पातळ वाळूवर पसरून वाळवलं. लोणच्याचा वास येत होता, पण रंग बघून डोळे निवत होते. घडी घातली, पल्याड बघितलं, आणि माझं पाऊल जागीच थांबलं. समोर तंबू, तंबूसमोर पिंप.

म्हणजे पुन्हा चुना. पुन्हा तांबडं. मग पुन्हा इकडं येऊन पिवळं. दोन सरकारं मिळून मला आयुष्यभर असं रंगवत राहू शकत होती.

खालच्या अंगाला झाडी होती. तिथून गुपचूप पार होता आलं असतं. उत्तमराव असते तर त्यांनी तोच सल्ला दिला असता, कांद्यासकट. पण साथ खरी होती. आमच्या गावातली माणसं गेली होती, पल्याडचीही गेली होती. जमादाराचं पिंप कितीही मूर्ख असलं, तरी ते त्या गावच्या लेकरांसाठी ठेवलेलं होतं. आणि दुसरं असं, की मामाचं पातळ काय चोरीचा माल आहे? ते वाजतगाजत जातं. झुडपातून जात नाही.

मी नदीच्या मधोमध वाळूच्या पट्ट्यावर जाऊन उभा राहिलो आणि शाळेत लावतो तो आवाज लावला. “शालू! शालूऽऽ!” मास्तराचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच उपयोगी पडला. पल्याडच्या काठावर पाणी भरणाऱ्या बायकांनी निरोप नेला. दिवस बराच वर आला होता. शालू आली, मागं तिचा नवरा, त्यामागं सासूबाई, त्यामागं जमतील तेवढे पाहुणे. शालूनं माझ्या हातातलं पातळ पाहिलं.

“दादा! हे कसं काय?”

“ते मग सांगतो. हे इकडं पिवळं आहे, तिकडं गेलं की लाल होणार. पिंपातून सुटका न्हाई.”

तिनं पिंपाकडं पाहिलं, पातळाकडं पाहिलं, मग जमादाराला विचारलं, “जमादार, अंगावरचं लुगडं बुडवता का तुमी?”

जमादारांनी मिशीवर हात फिरवला. “बाई, कायद्यानं गाठोडं बुडवायचं. माणूस बुडवायचा हुकूम अजून आला नाही.”

शालू सासूबाईंकडं वळली. मी तिला त्या घरात कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. ती म्हणाली, “आत्याबाई, पातळ येत न्हाई तर नवरी जाईल. मी आशाला इथं आणते. माझ्या भावाच्या हातचं पातळ ती इथंच नेसंल.”

“नदीत? लोकं काय म्हणतीन?”

“मामानं नदीत आणून दिलं म्हणतील.”

आणि ती गेलीसुद्धा.

उन्हं कलायला लागली तेव्हा वाजंत्री नदीकडं येताना ऐकू आली. हळदीच्या अंगाची आशा, करवल्या, बायका, सगळा मंडपच वाळूत उतरला. बायकांनी चादरी धरून आडोसा केला. आडोशातून आवाज आला, “अगं बाई, लोणच्याचा वास येऊन राहिला!” आणि लगेच शालूचा, “मोगऱ्याचे गजरे आणा जास्तीचे.” आडोसा सुटला आणि माझी भाची समोर उभी राहिली. काय सांगू? आमच्या हळदीत ती नुसती झळकत होती.  मी नाकाला उपरणं लावलं आणि सिरक्याचा वास झोंबतोय असं दाखवलं.

आता मामानं हात धरून नवरीला बोहल्यापर्यंत न्यायचं. आम्ही पाण्यातून निघालो. तंबूशी जमादारांनी मला अडवलं. दुपारी साहेब तपासणीला येऊन गेले होते आणि नवे हुकूम देऊन गेले होते. पहिला हुकूम, जो परराज्यातून येईल त्याला येईल तितक्या वेळा सुई. त्यामुळं उजवा दंडही गेला. दुसरा हुकूम, नदीतून वर येणाऱ्या प्रत्येकानं, मग तो कोणीही असो, चुन्याच्या पाण्यातून चालत जायचं. त्यासाठी वाटेतच एक उथळ खड्डा खणून भरून ठेवला होता.

“जमादार, नवरी आहे हो!”

“पाय बुडवायचे मास्तर, पातळ नाही. उचलून धरा की.”

उचलून धरायचं मामानं. मी वाकलो, पण दोन्ही दंडांनी नकार दिला. हात कोपरापासून हलत होते, खांद्यातून हलत नव्हते. करवल्या मागं राहिल्या होत्या, वाजंत्रीवाले पुढं गेले होते, मुहूर्त जवळ आला होता आणि आशानं पाय टाकला होता. चुन्यातून, सिरक्यातून निघून कडक झालेलं पातळ. चुन्याच्या पाण्यानं खालची कड भिजली. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा आम्ही खड्ड्यापलीकडं होतो. मी खाली बघायची हिंमत केली. पातळाच्या कडेला सगळीकडून सारखा, चार बोटं रुंद, कुंकवासारखा लालभडक पट्टा उमटला होता. वर हळदीचं पिवळं, खाली कुंकवाचं लाल. दोन्ही रंग असे शोभत होते, की विणकराला सांगून करवून घेतलं असतं तरी इतकं सरळ आलं नसतं. मी वर पाहिलं नाही. हुशार माणसाला कधी गप्प बसावं ते कळतं, आणि त्या दिवशी मी फार हुशार होतो.

मंडपात पाऊल ठेवलं तशी बायकांत कुजबूज सुरू झाली. “काठाचं हाय!” “हळदीच्या पातळाले काठ?” “आमच्या इकडं नाही भेटत बाप्पा असं!” जमादार लांबून मान ताठ करून बघत होते, ते जंतू होते का काठ, याचा त्यांना निकाल लागत नव्हता. मंगलाष्टकं झाली. माझे हात खांद्याच्या वर जात नव्हते, म्हणून मी कमरेपासूनच अक्षता फेकल्या. त्या बहुतेक भटजींना लागल्या. पण माझी मान अशी ताठ होती, की पगडीतला लिंबाचा पाला मांडवाच्या झालरीत अडकला.

जेवणावळी उठल्या तेव्हा शालूच्या सासूबाई आशाजवळ आल्या. खाली बसल्या, पातळाचा लाल काठ दोन बोटांत धरला, कालच्यासारखाच, पण या वेळी बराच वेळ धरून ठेवला. मग माझ्याकडं न बघता शालूला म्हणाल्या, “शालू, मास्तरले विचार, माझ्या लेकीच्या पोरीचं लग्न हाय येत्या साली. असं एक पातळ विकत आणून देतीन का?”

शालूनं काठाकडं पाहिलं. ते पातळ तिनं आदल्या दिवशी स्वतः धुतलं होतं, त्याला काठ नव्हता हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या सुजलेल्या दोन्ही दंडांकडं पाहिलं आणि पदर खोचत म्हणाली, “हे विकत न्हाई भेटत आत्याबाई. त्याला भाऊ लागतो.”